वयाच्या नावे घातलेली नोंद

हिशेबाच्या जगात उचंत खाते नावाची एक सोय असते. बँकेत आम्ही त्याला सस्पेन्स म्हणत असू. ज्या रकमेचा धागा लगेच सापडत नाही, ती तात्पुरती तिथे ठेवायची आणि शोध लागला की योग्य खात्यात वळवायची, हा त्यामागचा हेतू. आपल्या पेढ्यांवरचे जुने मुनीमही तेरीज जुळेना तेव्हा हाच मार्ग धरीत. परंतु उचंत खात्यात पडलेली रक्कम वर्षानुवर्षे तिथेच राहिली, तर पुढे तिच्याकडे कोणी पाहत नाही आणि खऱ्या चुकीचा पत्ता लागत नाही. म्हणून शाखा तपासणीला आलेला अधिकारी प्रथम हेच खाते उघडतो. घरगुती जीवनात आपण असेच एक उचंत खाते बाळगतो, आणि त्याचे नाव ‘वय’. जे बिघडते आणि ज्याचे कारण शोधण्याचा कंटाळा येतो, ते सारे आपण त्या खात्यावर टाकून मोकळे होतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या कुटुंबात या खात्याची जी तपासणी झाली, तिचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

माझे थोरले बंधू अण्णा निफाडला राहतात. भुसार मालाच्या आडतीत त्यांनी पन्नास वर्षे घालवली, आता दुकान पुतण्या पाहतो. तीन वर्षांपासून अण्णांचे मूत्रपिंड निकामी झाले असून आठवड्यातून दोनदा नाशिकला डायलिसिससाठी जावे लागते. अंतर सुमारे ४० किलोमीटर, आणि त्यांची पाळी सकाळी ७ ची. म्हणजे साडेपाचला घरून निघणे भाग. वाहन म्हणजे अण्णांनीच घेतलेली २००२ सालची डिझेल मोटार. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले, पुढे पाच वर्षांनी पुन्हा झाले. निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला वर्तमानपत्रांतून ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा दहा अंशांच्या बराच खाली उतरतो आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. अशा पहाटेच ही मोटार रुसू लागली.

दुपारी किल्ली फिरवताच सुरू होणारी गाडी पहाटे मात्र सेल्फ मारून मारून थकवी. मागून पांढरा धूर निघे, इंजिन एखाद-दुसरा आचका देई आणि शांत होई. डिसेंबरातील एका मंगळवारी बॅटरीच संपली. भाड्याची गाडी मिळवून नाशिकला पोहोचेपर्यंत साडेनऊ वाजले होते आणि ७ च्या पाळीचे यंत्र दुसऱ्या रुग्णाला दिले गेले होते. डायलिसिस दुसऱ्या दिवशी झाले. मधली रात्र अण्णांनी पायांवर सूज आणि छातीत धाप घेऊन बसून काढली. वहिनी उशाशी जागत होत्या. ज्या घराने ही रात्र पाहिली आहे, त्याला तिचे वर्णन सांगायला नको.

गॅरेजवाल्याने न उघडताच निदान केले: कॉम्प्रेशन उतरले, पंप आणि नोझलचे काम, इंजिन खोलावे लागेल, खर्च ४२,००० रुपये. “वीस वर्षांवरची गाडी आहे, वय झालं तिचं,” हे त्याचे समारोपाचे वाक्य. पुतण्या नव्या गाडीच्या कर्जाची चौकशी करू लागला. अण्णा अलीकडे फारसे बोलत नसत. त्या दिवशी एवढेच म्हणाले, “विकून टाका. माझ्या फेऱ्यांसाठी दुकानावर हप्ता चढवू नका.” हा हिशेब गाडीचा नव्हता, हे मला त्यांच्या स्वरावरून कळले.

मी वाणिज्य शाखेचा माणूस, यंत्रशास्त्राचा नव्हे. पण छत्तीस वर्षे कर्जप्रस्ताव तपासल्यामुळे एक सवय अंगी मुरली आहे. निष्कर्ष मान्य करण्याआधी त्याला आधार देणारे कागद कोणते, हे मी विचारतो. त्यासाठी डिझेल इंजिन चालते कसे, हे थोडे समजून घेतले.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली ऑग्सबर्ग येथे यशस्वी ठरले. त्याचे वैशिष्ट्य असे की इंधन पेटवायला ठिणगी लागत नाही. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग असतो, डिझेलमध्ये तो नसतो. सिलिंडरातील हवा दट्ट्याने तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या भागाइतकी दाबली जाते. दाबामुळे हवा इतकी तापते की आत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, त्याच तत्त्वाचा हा मोठा अवतार. मात्र पहाटे इंजिनाचे लोखंड थंडगार असते, ते ही उष्णता शोषून घेते, आणि डिझेल न पेटता पांढऱ्या वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडते. जुन्या धाटणीच्या इंजिनांत, जिथे डिझेल आधी एका लहान कोठडीत फवारले जाते, तिथे ही अडचण विशेष जाणवते.

यावर उपाय म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक ग्लो प्लग बसवलेला असतो. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला हीटर प्लग म्हणतात. किल्ली अर्धी फिरवली की त्याचे टोक काही सेकंदांत लालबुंद होते आणि पहिली फवारणी पेटवण्यास मदत करते. चार प्लग मिळून प्रारंभी चाळीस-पन्नास अँपिअर वीज ओढतात. एवढा प्रवाह किल्लीच्या नाजूक स्विचमधून नेला तर तो जळून जाईल. म्हणून मध्ये रिले असतो. किल्लीकडून येणारा अल्प प्रवाह रिलेतील तारेच्या वेटोळ्याला लोहचुंबक बनवतो, तो चुंबक दोन जाड संपर्कबिंदू एकमेकांना टेकवतो, आणि बॅटरीतील मोठा प्रवाह वेगळ्या जाड तारेने थेट प्लगकडे जातो. बँकेत काउंटरवरून छोटी चिठ्ठी आत जाते आणि मोठी रक्कम तिजोरीतून निराळ्या दाराने निघते, तसाच हा प्रकार. वर्षानुवर्षे तो जोड जुळताना व सुटताना बारीक ठिणग्या पडतात, संपर्कबिंदूंवर काजळी धरते, आणि एक दिवस बिंदू टेकतात पण वीज पलीकडे जात नाही.

इथे फसगत करणारी एक गोष्ट आहे. डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि काही क्षणांनी विझतो. तो पाहून आपण समजतो की हीटरचे काम झाले. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो दिवा केवळ वेळ मोजणाऱ्या मंडलावर चालतो. प्लगपर्यंत वीज पोहोचली की नाही, याची त्याला वार्ता नसते. व्हाउचर लिहिले गेले म्हणजे रोकड पोहोचलीच असे नव्हे, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

पुतण्याबरोबर बसून मी लक्षणांचा जमाखर्च मांडला. पांढरा धूर निघतो, अर्थात पंप डिझेल पोहोचवतो आहे. दुपारी गाडी तत्काळ सुरू होते, ओझे घेऊन चढावर नीट ओढते आणि ऑइल पीत नाही. तेव्हा कॉम्प्रेशन अगदीच गेलेले नसावे. उरला पहाटेचा हीटर. शिवाय त्याची तपासणी सर्वांत स्वस्त आणि तिच्यात काही खोलायचे नाही. शंका अनेक असतील तेव्हा कमी खर्चाची आणि मागे घेता येणारी तपासणी आधी करावी.

निफाडच्या बाजारपेठेत मोटारींचे वायरिंग करणारे एक वयस्क कारागीर आहेत. त्यांनी प्रथम टेस्ट लॅम्पची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी हीटर प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर टेकवली आणि पुतण्याला किल्ली फिरवायला सांगितले. रिलेचा ‘टिक्’ आवाज आला, डॅशबोर्डचा दिवा लागला, पण टेस्ट लॅम्प लागला नाही. मग त्यांनी मीटर लावला. रिलेत येणाऱ्या जाड तारेवर १२.४ व्होल्ट, बाहेर जाणाऱ्या तारेवर शून्य. येणाऱ्या बाजूला पूर्ण दाब असल्याने फ्यूजही निर्दोष ठरला. पट्टी काढून प्रत्येक प्लगचा रोध मोजला. तीन प्लग एक ओहमच्या आसपास निघाले, चौथ्याची तार आतून तुटलेली होती. म्हणजे गाडी आधीच तीन पायांवर उभी होती आणि रिलेने शेवटचा आधार काढून घेतला.

नवा रिले ११५० रुपये, एक प्लग ४५० रुपये, मजुरी ३०० रुपये. एकूण १९००. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवली, प्लग इंजिन कोमट असताना अलगद काढला, आणि रिले त्याच क्षमतेचा व त्याच जोडणीचा आहे हे जुन्याशी पडताळून घेतले. रिलेला डावलून जाड तारेने थेट वीज देण्याचा सल्ला बाजारात कोणी ना कोणी देतो. तो ऐकू नये. प्लग प्रमाणाबाहेर तापला तर त्याचे टोक वितळून इंजिनात पडू शकते आणि मग ४२,००० रुपयेही अपुरे पडतील. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला, द्राक्षबागांवर धुके असताना, मोटार पहिल्या सेल्फला सुरू झाली. अण्णा ७ वाजायच्या आत यंत्रापाशी पोहोचले.

पुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आठ-दहा दिवसांनी पुतण्याचा फोन आला. “काका, अण्णा बोलत नाहीत, हाक मारली तरी लक्ष देत नाहीत, हे आपण वयावर टाकलंय. तेही एकदा तपासून घेतो.” कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांतून घट्ट झालेला मळ काढला. ऐकण्याची थोडी शक्ती खरोखर कमी झाली आहे, ती परत येणार नाही. पण त्या संध्याकाळी अण्णा दुकानात येऊन बसले आणि सोयाबीनच्या भावावरून पुतण्याशी तासभर वाद घालत राहिले. वहिनींनी हे मला फोनवर सांगितले, तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता.

वयाच्या नावे खऱ्या नोंदी असतातच. अण्णांचे मूत्रपिंड कोणत्याही रिलेने सुधारणार नाही, गाडीच्या पत्र्याला खालून धरलेला गंजही नाहीसा होणार नाही. अशा रकमा निमूटपणे त्या खात्यावर लिहाव्या लागतात. मात्र उरलेल्या रकमा तपासून बाहेर काढणे हे घरातील धाकट्यांचे कर्तव्य आहे, कारण ज्याच्या नावावर त्या पडतात, तो स्वतः तक्रार करीत नाही. तो “विकून टाका” एवढेच म्हणतो.

ज्या वाचकांकडे जुनी डिझेल गाडी आहे, त्यांनी दिवाळीनंतर थंडी वाढण्यापूर्वी हीटर प्लग व रिले तपासून घ्यावेत. टेस्ट लॅम्पला पाच मिनिटे पुरतात. आमच्या मोटारीची नोंदणी २०२७ मध्ये पुन्हा नूतनीकरणाला येईल. तेव्हा तिचे काय करायचे, हे पुतण्या कागदावर दोन रकाने आखून ठरवणार आहे. एक रकाना अण्णांनी भरायचा, असे त्याने आताच सांगून ठेवले आहे.