एकतीस टक्के

दहीकाला आटोपून देवळापुढची गर्दी पांगली तेव्हा सकाळचे सहा वाजून गेले होते. दशावतारी कंपनीतली माणसं तोंडाचा रंग पुसत होती, पेटारे बांधत होती. मी धर्मशाळेच्या पडवीत लॅपटॉप उघडून बसले होते आणि समोर आबा उभे होते. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर स्त्रीपार्ट करत आलेले. साडी उतरवली होती, कपाळावरचं कुंकू मात्र तसंच होतं.

“बाईनू, माका ह्या नाटक व्हया. मुंबैक झिलाक दाखवूक.”

मी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षीपासून कुडाळच्या आसपासच्या जत्रांमध्ये दशावताराचं चित्रीकरण करते. या नाटकांना लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुठल्या भूमिकेत ते ठरतं, आणि मग संवाद तिथल्या तिथे सुचतात. त्या रात्री आबांनी मुलाच्या प्रेतापाशी बसून जो विलाप केला, तो त्यांना स्वतःलाही पुन्हा तसाच करता येणार नाही. म्हणून मला ते जपून ठेवायचं असतं, आणि ज्याचं आहे त्याच्या हातात द्यायचं असतं. कंपनीसाठी म्हणून मी एक नवी एसएसडी डिस्क विकतही घेतली होती.

सहा वीसला मी डिस्क जोडली, फोल्डर ओढून तिच्यावर टाकलं आणि पडद्यावर आकडा आला : 1 तास 38 मिनिटं.

मला वाटलं सुरुवातीला असंच दाखवत असेल, मग कमी होईल. आबा पडवीच्या कठड्यावर बसले. कोणीतरी चहा आणून दिला. टेम्पोत पेटारे चढत होते. केबल काढून पुन्हा घातली असती, उलटी करून घातली असती किंवा लॅपटॉप बंद करून सुरू केला असता तर होतं तेवढंही गेलं असतं म्हणून मी त्यातलं काहीच केलं नाही. सात वाजायला दहा मिनिटं असताना टेम्पोचा हॉर्न वाजला. पुढची जत्रा लांबच्या गावी होती. पडद्यावर 31 टक्के होते. “बाईनू, आता निघाक व्हया,” एवढंच बोलून आबा उठले. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी लॅपटॉप, डिस्क, केबल असं सगळं पिशवीत घालून मी बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात गेले. तिथे बसणारा मुलगा माझाच विद्यार्थी. डिस्क खराब निघाली अशी माझी खात्री होती. त्याने डिस्ककडे पाहिलंही नाही. केबल हातात घेतली आणि म्हणाला, “बाई, ही चार्जरची आसा. डेटाची नाय.”

मी म्हटलं, पण दोन्ही टोकं टाइप-सी आहेत, डिस्कला नीट बसते, फाइल जातातही. तेव्हा त्याने गिऱ्हाईक थांबवून मला समजावलं, आणि ते मी वहीत लिहून घेतलं.

टाइप-सी हे फक्त टोकाच्या आकाराचं नाव आहे. हा आकार 2014 साली आला. त्यात 24 पिना असतात, 12 वर आणि 12 खाली, म्हणून तो उलटासुलटा कसाही बसतो. पण त्या सगळ्या पिनांना आत तारा जोडलेल्या असतातच असं नाही. चार्जरबरोबर येणाऱ्या केबलमध्ये बहुतेक वेळा वीज वाहून नेणाऱ्या तारा आणि 2000 सालच्या यूएसबी 2.0 ची जुनी जोडी एवढंच असतं. वेगासाठी लागणाऱ्या तारांच्या चार जोड्या तिच्यात घातलेल्याच नसतात. त्या जुन्या जोडीतून सेकंदाला जास्तीत जास्त 480 मेगाबिट जातात.

इथे माझा सगळ्यात मोठा गोंधळ होता. 480 हा आकडा मला पुष्कळ वाटला. पण फाइलची मापं बाइटमध्ये असतात आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे 480 चे झाले 60 मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात हाती पडतात 40 च्या आसपास. माझा कॅमेरा सेकंदाला 100 मेगाबिटने चित्रीकरण करतो, म्हणजे तासाला 45 गीगाबाइट. पाच तासांचं नाटक 225 गीगाबाइट. मी कागदावर भागाकार केला आणि उत्तर आलं साधारण चौऱ्याण्णव मिनिटं. पडद्यावरचा आकडा पहिल्या क्षणापासून जवळजवळ खरा होता.

“डिस्कबरोबर केबल गावली नाय?” त्याने विचारलं. मिळाली होती. जेमतेम वीतभर लांबीची. एवढ्याशा तुकड्याचा काय उपयोग, लॅपटॉपला टेकवूनच डिस्क ठेवावी लागेल, म्हणून ती मी खोक्यातच ठेवून दिली होती आणि जत्रेला जाताना लांब, मऊ, चांगली दिसणारी केबल उचलली होती. आबांना जे द्यायचं होतं ते त्या खोक्यात घरी पडून होतं.

घरी आल्यावर मी कपाटातल्या सगळ्या केबली काढल्या. सात निघाल्या. 10 गीगाबाइटची एकच फाइल प्रत्येकीतून पाठवली आणि घड्याळ लावून बसले. जत्रेतल्या केबलला चार मिनिटं वीस सेकंद लागले. एका केबलवर डिस्क दिसलीच नाही, तिच्यात डेटाची तारच नव्हती. दोन मीटरची, जाडजूड, विणीचं आवरण असलेली, 100 वॉट लिहिलेली एक होती, सातांत सर्वात महाग. तिच्यावर माझा फार भरवसा होता. तिनेही चार मिनिटं वीस सेकंदच घेतले. जाडी तांब्याची आहे. 20 व्होल्टला 5 अँपिअर वीज न्यायची तर तारा जाड लागतात, आणि डेटाच्या वेगाशी त्याचा काही संबंध नाही. एका बाजूला जुनं चौकोनी टोक आणि त्यात निळी पट्टी असलेली केबल लॅपटॉपच्या निळ्या पोर्टमध्ये घातली, तर चोवीस सेकंद. आणि खोक्यातला तो वीतभर तुकडा : चौदा सेकंद.

मी ती मोजणी तीनदा केली. चौदाच.

चौथ्या वेळी मात्र त्याच तुकड्याला पुन्हा चार मिनिटं लागली आणि मी हवालदिल झाले. अर्ध्या तासाने कारण कळलं. मी डिस्क टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवता यावी म्हणून मध्ये हब लावला होता आणि तो हब यूएसबी 2.0 चा होता. डिस्क, केबल, हब, लॅपटॉपचं पोर्ट, यातलं एक जरी हळू असलं तरी बाकीच्यांना त्याच्याच पावलाने चालावं लागतं.

लांबीमागेही कारण आहे. वेग जितका जास्त तितका सिग्नल तारेत लवकर क्षीण होतो. म्हणून सेकंदाला 10 गीगाबिटच्या साध्या केबली साधारण मीटरभराच्या असतात आणि 40 गीगाबिटच्या त्याहूनही आखूड.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो, आणि तो नावांचा आहे. 2008 साली 5 गीगाबिटचं यूएसबी 3.0 आलं. त्याच वेगाला नंतर 3.1 जेन 1 म्हणायला लागले आणि पुढे 3.2 जेन 1. वेग तोच, नावं तीन. कुडाळच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाने यातून काय ओळखायचं? नव्या खुणांमध्ये वेगाचा आकडाच छापतात, 10 गीगाबिट, 40 गीगाबिट, हे फार बरं झालं. मी मग तो आकडा पाहूनच मीटरभर लांबीची एक केबल मागवून घेतली, तिच्या दोन्ही टोकांना लाल दोरा बांधला आणि ती कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवली. तुकडाही तिथेच ठेवला. चार्जरच्या केबली त्या पिशवीत आता जात नाहीत.

आबांची कंपनी महिन्याभराने आमच्या शेजारच्या गावी आली. आधीचं नाटक मी डिस्कवर भरून नेलंच होतं, पण आबा म्हणाले, आजचंही द्या. सकाळी पुन्हा तशीच पडवी, तसाच टेम्पो, पेटारे चढत होते. मी लाल दोऱ्याची केबल लावली. पडद्यावर पाच मिनिटं आली. माझा हात थरथरत होता म्हणून मी लॅपटॉपला हात लावलाच नाही, नुसती बघत राहिले. आबांनी चहा घेतला, कप विसळून ठेवला, कुंकू पुसलं आणि पडवीत आले तेव्हा मी डिस्क काढून हातात धरली होती.

“इतक्यात झाला?” त्यांनी विचारलं.

मी काही न बोलता डिस्क त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि टेम्पोकडे निघाले.