कर्ता फरार

मराठीच्या तासाला आपण तीन प्रयोग शिकतो. कर्तरी, कर्मणी आणि भावे. मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त त्यांचे पोटभेदही दिलेले आहेत, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ते सगळे एकमेकांत मिसळून जातात, हा भाग वेगळा. पण ज्याच्याशी आपली जन्मभर गाठ पडायची आहे, तो एक प्रयोग मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात स्वतंत्र मथळ्याखाली भेटला नाही. 'कळविण्यात येते.' 'नोंद घेण्यात यावी.' 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' या वाक्यांत क्रिया आहे, काळ आहे, बहुधा थोडी धमकीही आहे. नाही तो फक्त कर्ता. कळवतो कोण? नोंद कोणी घ्यायची? कार्यवाही करणार कोण, आणि ती योग्य की अयोग्य हे ठरवणार कोण? मी आपला माझ्यापुरता याला 'फरारी प्रयोग' म्हणतो. मराठी विभागाची मान्यता अद्याप मिळालेली नाही.

या प्रयोगाची खरी ओळख वर्गात झाली नाही, मामांच्या टेबलाशी झाली. माझे मामा अर्जनवीस आहेत. नागपूरहून एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर एक तहसील कचेरी आहे. तिच्या कुंपणाबाहेर, कडुनिंबाखाली, त्यांचे टेबल गेली अठ्ठावीस वर्षे मांडलेले आहे. पूर्वी त्यावर मराठी टंकयंत्र खडखडत असे. आता लॅपटॉप आहे, छोटा प्रिंटर आहे, आणि वैशाखात त्या दोघांना झळ लागू नये म्हणून पुठ्ठ्याचे एक खोके आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून सुट्टी लागली की मी तिथे जाऊन बसतो. मामा सांगतात, मी टाइप करतो.

गेल्या मे महिन्यात एक आजी आल्या. हातात पदराच्या गाठीतून सोडलेला, घड्यांवर फाटत आलेला कागद. "बापू, हे वाचून दे बरं. चार महिने झाले, पैसे नाही येऊन राहिले." श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये त्यांना मिळत होते, ते थांबले होते. कागदावरचा मजकूर असा होता :

'उपरोक्त संदर्भीय विषयान्वये कळविण्यात येते की, विहित मुदतीत आवश्यक दस्तऐवजांची पूर्तता न झाल्याने आपले अनुदान तूर्त स्थगित ठेवण्यात आले आहे. तरी सदर पत्र प्राप्त होताच हयातीबाबतचा पुरावा सक्षम प्राधिकाऱ्याकडून साक्षांकित करून सादर करण्यात यावा, अन्यथा नियमोचित कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.'

हे पत्र त्यांना शेजारच्या मुलाने आधीच वाचून दाखवले होते. मुलगा दहावी झालेला. एकही शब्द न अडखळता त्याने वाचले म्हणे. पण अर्थ त्यालाही लागला नाही. 'कार्यवाही' हा शब्द तेवढा त्याने 'कारवाई' असा समजून घेतला आणि आजींना सांगितले की, बहुतेक पोलीस येतील. म्हणून आजी दोन महिने कचेरीकडे फिरकल्याच नव्हत्या. किराणा दुकानातली उधारी वाढत गेली, मग दुकानदाराने वही मिटली. एका काना-मात्रेच्या फरकाने एका बाईचे दोन महिने गेले, आणि यात त्या मुलाला दोष देण्याचे माझ्या मनात येत नाही.

मामांनी कागद एकदा वरून खाली पाहिला. "आजी, पोलीस-बिलीस काही नाही. तुम्ही जिवंत आहात असा दाखला द्यायचा आहे."

"मी त जित्ती हावो ना बापू, तुह्या समोर उभी!"

मामा हसले नाहीत. त्यांनी खोक्यातून हयातीच्या दाखल्याचा कोरा नमुना काढला. पैसे पुढे सुरू झाले. मागचे चार महिने मात्र अजून यायचे आहेत.

त्या पत्रातला आजींना ओळखीचा वाटलेला एकच शब्द होता : हयाती. गंमत पाहा, तोच मुळात परका, अरबी. अर्ज, दाखला, मुदत, तहसील हे असेच बाहेरून आलेले शब्द, पण चुलीपर्यंत पोचलेले. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोश' झाला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले; तरी हे शब्द लोकांच्या तोंडून हलले नाहीत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघाले, १९६२ साली 'पदनाम कोश' आला, आणि आचार्य अत्र्यांनी त्याचे 'बदनाम कोश' असे बारसे केले. आपले नागपूर तर या बाबतीत आधीपासूनच पुढे. १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी इथे होती, डॉ. रघुवीर इथेच राहून संस्कृत धातूंवरून कारभाराचे शब्द हजारोंनी घडवीत होते. या सगळ्यांची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती आता थोडी अन्यायाची वाटते. 'निविदा', 'महापौर', 'दिनांक' हे शब्दही कधी काळी नवेच होते. आज भाजी घेताना कुणी ते उच्चारले तर आपण वळूनही पाहणार नाही. शब्द वापराने मऊ होतात. आजींचे पत्र अडले ते एखाददुसऱ्या जड शब्दामुळे नव्हे. 'तुम्ही दाखला आणा, आम्ही पैसे सुरू करू' या वाक्यातले 'तुम्ही' आणि 'आम्ही' दोघेही त्यातून काढून टाकले होते, म्हणून अडले.

ते का काढतात, हे मला एका निवृत्त अव्वल कारकुनाने सांगितले. ते संध्याकाळी मामांकडे चहाला येतात. म्हणाले, "पोरा, 'मी' लिहिलं का चौकशीत 'मी'च सापडतो. 'करण्यात आले' लिहिलं का सगळं ऑफिस सापडते, म्हणजे कोणीच नाही सापडत." शिवाय नवे पत्र कोणी नव्याने लिहीत नाही, मागच्या वर्षीच्या पत्रातले नाव आणि तारीख बदलतात. त्याच्या मागच्या वर्षीही तेच. पत्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आजी नसते, नस्ती असते. त्यांच्या बोलण्यात लबाडीचा सूर नव्हता. तीस वर्षे नोकरी सांभाळलेला माणूस आपली ढाल दाखवीत होता. ढाल नको म्हणायला मला धीर झाला नाही, पण ती नेमकी कुणाच्या अंगावर धरलेली असते हे विचारावेसे वाटले.

(दर डिसेंबरात आपल्या शहरात हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा तारांकित प्रश्नांच्या याद्या मिळाल्या तर जरूर वाचाव्यात. 'हे खरे आहे काय?' या प्रश्नाला 'अंशतः खरे आहे' आणि पुढच्या सगळ्यांना 'प्रश्न उद्भवत नाही.' इतके थोडक्यात उत्तर देता येते, हे पाहून परीक्षार्थी म्हणून मला हेवा वाटला.)

मामांची पद्धत याच्या अगदी उलट. परवा एक शेतकरी धुऱ्याचे भांडण घेऊन आला. त्याने आजोबांपासून सुरुवात केली. वाटणी कशी झाली, चुलत्याने बाभूळ कधी तोडली, मग कोण कोणाच्या लग्नाला गेले नाही, पोळ्याच्या दिवशी बैलांवरून काय झाले, सरपंच कोणाचा, शिव्या कोणत्या. पाऊण तास. मी मनातल्या मनात चार पाने टाइप करून ठेवली होती. मामा मधे एकदाही बोलले नाहीत. शेवटी त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. कागद कोणाच्या टेबलावर जायचा आहे? त्याने काय करावे असे वाटते? आणि मागण्याला आधार काय? उत्तर निघाले ते एवढेच : भूमी अभिलेख कार्यालय; हद्दीची मोजणी करून खुणा दाखवाव्यात; सोबत सातबारा. सात ओळींचा अर्ज झाला. मागणी पहिल्याच ओळीत. बाभूळ नाही, बैल नाहीत, शिव्या तर नाहीतच.

मी विचारले, सातच ओळी लिहायच्या होत्या तर पाऊण तास ऐकून का घेतले? मामा म्हणाले, "सगळं ऐकल्याशिवाय काय गाळायचं ते कसं कळेल?" आणि थोडे थांबून, "अन् त्यालेही कोणाले तरी सांगायचंच होतं."

अलीकडे मात्र गाळणे फार कठीण झाले आहे. लोक आता कागद घेऊन येत नाहीत, मोबाइल घेऊन येतात. त्यात एकाच योजनेच्या तीन निरोपांत तीन वेगवेगळ्या शेवटच्या तारखा असतात. एकात तर योजनाच बंद झालेली असते. कुणाच्या भाच्याने पाठवले, कुणाच्या बचत गटात आले. पूर्वी माहिती मिळत नाही म्हणून माणूस अडत असे. आता ती डोक्यावर कोसळते म्हणून अडतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच बजावले होते की माहिती वाढते तेव्हा ती माणसाचे लक्ष खाऊन वाढते. मामांनी सायमनचे नाव ऐकलेले नाही. पण त्यांचा कायदा ठरलेला आहे : ज्या कागदाला क्रमांक नाही, दिनांक नाही, सही नाही, तो कागद नव्हे, ती बातमी. शासन निर्णयाच्या शेवटी अठरा आकडी संकेतांक असतो. तो संकेतस्थळावर टाकून मूळ कागद उघडायचा आणि मगच बोलायचे. अर्थात मूळ कागद उघडला की पुन्हा तेच : 'वाचा'खाली जुन्या आदेशांची रांग, मग प्रस्तावना, आणि ज्यासाठी आलो ती ओळ तिसऱ्या पानावर, तीही फरारी प्रयोगात.

या बाबतीत एक नियम मला फार बोलका वाटतो. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा. महाराष्ट्राने २०१२ साली आपल्या नियमांत दुरुस्ती केली की, नागरिकाचा अर्ज एकाच विषयाचा असावा आणि सामान्यतः १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. मामांना हा नियम मुळीच जाचक वाटत नाही. ते तर त्यातही शब्द शिल्लक ठेवतात. पण उत्तर किती शब्दांत यावे, त्यात कर्ता असावा की नसावा, याविषयी तिथे काही नाही. इंग्लंडात नोकरशाहीच्या लिखाणाला कंटाळून सरकारच्याच अर्थखात्याने सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून 'प्लेन वर्ड्स' नावाचे पुस्तक लिहवून घेतले, १९४८ साली. ते अधिकाऱ्यांसाठी होते, अर्जदारांसाठी नव्हे. शिकवणी कोणाला लावायची, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

पण त्यासाठी इंग्लंडला जायचीही गरज नाही. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर आपल्यापासून काही लांब नाही. तिथे १२७८ च्या सुमारास म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' सिद्ध केले. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडे विखुरलेल्या, एकीत एक मिळत नाही अशा. तो साक्षीदारांकडे स्वतः गेला, विचारून घेतले, आणि एकाच लीळेच्या दोन आठवणी निघाल्या तर दुसरी कोणाची हेही लिहून ठेवले. पाठवणाऱ्याचे नाव पुसून पुढे ढकलण्याची सोय तेव्हा नव्हती. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत १९७८ साली निघाली. आपल्या ग्रंथालयात असेल तर कोणतेही पान उघडावे. वाक्ये तीनतीन, चारचार शब्दांची. कोण आला, कोण बसला, कोण काय म्हणाला. कर्ता कधी फरार नाही.

त्याच काळातली एक हकीकत 'स्मृतिस्थळा'त आहे. केशिराजबासांसारख्या पंडिताला संस्कृतात लिहावेसे वाटले, तर नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. कारण दिले ते असे की, त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील. सातशे वर्षांपूर्वी एका आचार्याने ग्रंथाची भाषा ठरवताना डोळ्यांपुढे म्हाताऱ्या ठेवल्या. आमच्या पत्राला मात्र, ज्यांच्या नावाने ते लिहिले होते, त्याच दिसल्या नाहीत.

सुट्टी संपायच्या आधी मी ते पत्र पुन्हा लिहून पाहिले. असे झाले :

'श्रावणबाळ योजनेचे तुमचे पैसे आम्ही थांबवले आहेत, कारण तुमचा या वर्षीचा हयातीचा दाखला आमच्याकडे आलेला नाही. आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन खिडकी क्रमांक ____ वर या. दाखल्याचा नमुना तिथेच मिळेल. काही अडचण आली तर ____ यांना भेटा.'

मामांनी वाचले, 'हं' म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी दाद मिळत नाही. पहिली रिकामी जागा त्यांनी लगेच भरली; खिडक्या त्यांना पाठ आहेत. दुसऱ्या जागी कोणाचे नाव घालायचे, हे विचारायला मी कचेरीत दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला माझे नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक एका वहीत लिहून घेण्यात आला, आणि आपणांस यथावकाश कळविण्यात येईल, असे मला सांगण्यात आले.