येळवसची छुट्टी

भालकीत बसस्टँडजवळ आमचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे आपल्याकडच्या अर्थानं. सकाळी पुरी-भाजी, सुशीला, दिवसभर चहा, दुपारी भाकरीचं ताट. सहा माणसं आणि अण्णा. आई धरली तर आठ, पण तिचं नाव हजेरीच्या वहीत कधीच नव्हतं.

त्या वहीत आला त्याला टिंब, नाही आला त्याला फुली. फुली म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापायचे. पगारी रजा हा प्रकारच नव्हता. 2022 मध्ये मी पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करत होतो. मला रजा टाकायला दोन क्लिक लागायचे, आणि भट्टीवरचे वस्ताद मामा भाचीच्या लग्नासाठी गल्ल्यापुढं मान खाली घालून उभे राहायचे. मला लाज वाटली. थोडी खुमखुमीही होतीच, खोटं कशाला बोलू?

मोबाईलवर एक फॉर्म केला. सात दिवस आधी अर्ज करायचा, एका दिवशी दोघांनाच छुट्टी, आधी अर्ज येईल त्याला आधी. टेबलवरची पोरं खूश झाली. अण्णा काही बोलले नाहीत.

मग आली येळवस, 23 डिसेंबर, शुक्रवार. आपल्या भागात वाढलेल्यांना सांगायला नको, पण पुण्या-बेंगळुरात जन्मलेल्या लेकरांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिवकडचे लोक शेतात जातात. कडब्याची कोप करून पूजा करतात, भज्जी, उंडे, आंबील खातात. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी आवतन देतंच. अण्णा दरवर्षी त्या दिवशी शटर ओढायचे. मी म्हणालो, "नियम केलाय, चालू ठेवू."

फॉर्ममध्ये दोन पोरांचे अर्ज आधी आले. मामांकडे साधा फोन. त्यांनी मला तोंडी सांगितलं, तेव्हा दोन जागा भरल्या होत्या.

"मामा, फॉर्म भरायचा होता ना."

"मला कुठं येतंय ते, बाळा."

त्या दिवशी मामा आले. पहाटे भट्टी पेटवली, पुऱ्यांची कणिक मळली. गाव रिकामं होतं. दुपारपर्यंत बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांशिवाय कुणी फिरकलं नाही. औरादकडच्या त्यांच्या दोन एकरात पूजा करायला घरचा कर्ता माणूस नव्हता. संध्याकाळी त्यांनी हिशेब मागितला. अठरा वर्षांचं माणूस उचल फेडून निघून गेलं.

रात्री अण्णा एवढंच म्हणाले, "तुझ्या मोबाईलनं विचारलं का त्याला, शेतात कोण जाणार म्हणून?"

त्यानंतर मी कायदा नीट वाचला. आधी वाचायला हवा होता. कर्नाटकाचा 1961 चा दुकानं आणि आस्थापनांचा कायदा हॉटेलांनाही लागू आहे. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी, आणि वीस दिवस कामामागं एक दिवस पगारी रजा. शिवाय 1963 च्या कायद्यानं 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर आणि सणांचे पाच दिवस. म्हणजे 52, दहा आणि सुमारे चौदा वजा केले तर एक माणूस वर्षाला 289 दिवस मिळतो. रोज सहा जागा भरायच्या तर 2190 भागिले 289, म्हणजे आठ माणसं लागतात. आम्ही वर्षानुवर्षं सहांवर चालवत होतो. उरलेल्या दोघांचं काम या सहांच्या छुट्टीतून निघत होतं, आणि आईच्या पाठीतून.

अण्णा मामांच्या गावी दोनदा गेले. दुसऱ्यांदा मीही गेलो. माफी मागितली. मामांनी चहा पाजला, विषय तुरीवर नेला. संक्रांतीनंतर आठवड्यानं ते आले, आणि काही न बोलता भट्टीजवळच्या कालनिर्णयवर तीन तारखांना कोळशानं गोल केले. येळवस, मैलारची जत्रा आणि पेरणीच्या सुमारास एक, पाऊस बघून सरकणारा.

आता तेच कॅलेंडर आमचं रजिस्टर आहे. प्रत्येकाची खूण वेगळी. फॉर्म मी अजून ठेवलाय, पण त्यात तारखा मीच भरतो, शिल्लक रजा मोजायला. दोन माणसं वाढवली, ताट दहा रुपयांनी महाग केलं. नेहमीची काही गिऱ्हाइकं तुटली, त्यावरून अण्णांचं माझ्याशी अजून वाजतं. आईनं मात्र अजून एकाही तारखेला गोल केलेला नाही. विचारलं तर म्हणते, "मी कुठं नोकरीला आहे?"