दिवे घाट आणि वाकडे हँडल

मुलाच्या जुन्या माउंटन सायकलला आम्ही रेसचे वाकडे हँडल बसविले आणि रविवारी दोघे दोन सायकलींवर हडपसरहून दिवे घाटाकडे निघालो. सरळ हँडलची जाडी २२.२ मिलिमीटर, वाकड्याची २३.८, म्हणून ब्रेकचे जुने लिव्हर बसेनात, नवे घेतले. हात लांब ताणू नयेत म्हणून स्टेमही आखूड घातला. चढावर मुलगा पकड बदलत राहिला, खांदे भरले नाहीत. घाटमाथ्यावरून मस्तानी तलाव डोळे भरून पाहिला. उतरताना वळणावर एस.टी. समोर आली, काळजात धस्स झाले. पण त्याचा ब्रेक लागला! जुने कँटिलिव्हर ब्रेक या लिव्हरशी जुळतात; व्ही-ब्रेकची वायर मात्र पुरेशी ओढली जात नाही. वाचकहो, हौस जरूर करावी, पण ब्रेक आधी गल्लीतच तपासावा.