विमानाची शेपटी

आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक निरोप फिरत आला. आभाळात आडव्या-उभ्या पांढऱ्या रेघा, आणि खाली लिहिलेलं, विमानातून आपल्यावर रसायनं फवारतात. पुरावा काय, तर काही रेघा लगेच विरतात आणि काही तासभर राहतात! उत्तर लिहायला बसलो, आणि बोटं थांबली.

१९८४ सालची गोष्ट. विज्ञानाचे सर रजेवर, म्हणून सातवीच्या ऑफ तासाला मला पाठवलेलं, मराठी-इतिहासवाल्याला. डिसेंबरातली सकाळ, मुलं मैदानात उन्हाला बसलेली. वरून विमान गेलं. मागे रेघ. एकाने विचारलं तसं मी सांगून टाकलं, "धूर आहे तो." तेवढ्यात मागचा एक मुलगा उठला. "सर, मग तो विमानाला चिकटून का नाही? मधे मोकळं दिसतंय."

मी वर पाहिलंसुद्धा नाही. "खाली बस. फार शहाणा झालास." वर्ग हसला.

तो बरोबर पाहत होता हो! विमानाचं इंधन म्हणजे एक प्रकारचं रॉकेलच. ते किलोभर जळलं की सव्वा किलोच्या आसपास पाण्याची वाफ होते (हवेतला ऑक्सिजन त्यात मिळतो, म्हणून वजन वाढतं). ही वाफ इंजिनातून तापलेली बाहेर पडते, तेव्हा दिसत नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर थंडी उणे ४०-५० अंश. क्षणात ती गार होते, काजळीच्या कणांवर थेंब धरतात आणि गोठतात. त्या क्षणात विमान जेवढं पुढे जातं, तेवढी ती मोकळी जागा. घरी उकळत्या किटलीची तोटी बघा, अगदी तोंडाशी काही दिसत नाही.

वरची हवा कोरडी असली की रेघ विरते, दमट असली की टिकते, पसरते. निरोपातल्या शंकेचं उत्तर एवढंच. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांमागेही अशाच रेघा होत्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७७ तज्ज्ञांना विचारलं, तर ७६ जण म्हणाले, गुप्त फवारणीचा पुरावा आढळला नाही. पसरलेल्या रेघा जमिनीची उष्णता अडवतात, ती काळजी मात्र खरी आहे. पण तिचे निरोप कोणी फिरवत नाही. असो.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. त्या मुलाचंही लिहिलं. चार-पाच अंगठे आले. ज्यांनी निरोप पाठवला होता त्यांनी विचारलं, "सर, तो मुलगा आता काय करतो?"

दहावीनंतर मुंबईला मामाकडे गेला, एवढंच मला ठाऊक.