खिडकीला पैसे कोण देणार?

दौंडच्या माणसाला रेल्वेचा आवाज ऐकूच येत नाही, असे आम्ही शिरूरवाले थट्टेने म्हणतो. रात्री झोपणाऱ्याचे ते खरे असेल. आमचे दाजी कुरकुंभच्या एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे वॉचमन आहेत. पाळी रात्रीची, म्हणजे झोप दिवसाची. ताईचे घर दौंडजवळच्या एका गावात, रुळापासून हाकेच्या अंतरावर. सोलापूरकडची आणि मनमाडकडची झाडून सारी वाहतूक तिथून जाते. घर १९९९ साली इंदिरा आवास योजनेतून ताईच्या नावावर बांधलेले. भिंती अजून खणखणीत आहेत, पण तीनही लाकडी खिडक्या वाळवीने खाल्ल्या. फुटलेल्या काचांच्या जागी पुठ्ठे लावलेले.

मागच्या हिवाळ्यात दाजींना गेटवर डुलकी लागली. ठेकेदाराने सुनावले, "पुन्हा दिसलात तर घरी बसा." ताईचा निरोप आला, तसा मी रविवारी न्हावरा-चौफुला मार्गे दौंड गाठले.

भाचा पुण्यात इमारतींना काचा बसवायच्या कामावर आहे. तो म्हणाला, "मामा, डबल काचेच्या खिडक्या लावू." दोन काचांच्या मध्ये हवा कोंडलेली असते, तिच्यातून उष्णता आणि आवाज सहजासहजी आत येत नाही. थंड देशांत घरोघर अशाच खिडक्या असतात. दौंडच्या फॅब्रिकेटरने हिशेब दिला. चार बाय तीन फुटांच्या तीन खिडक्या, म्हणजे ३६ चौरस फूट. डबल काच ११०० रुपये फुटाने ३९,६०० रुपये. साधी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी ४०० रुपये फुटाने १४,४०० रुपये. आकडा ऐकून ताई चहा ठेवायला आत गेली.

वस्तीतल्या लोकांची समजूत अशी की मी ऑफिसात कारकून, म्हणजे मला सगळ्या योजना पाठ. पाठ नाहीत, पण कागद वाचायची सवय आहे. रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. तिच्यातून ग्रामीण भागात २६९ चौरस फुटांचे पक्के घर मिळते. ते बेघर किंवा कच्च्या घरात राहणाऱ्यांसाठी, आणि घरकुल एकदाच. इंदिरा आवासमध्ये कच्चे घर सुधारायलाही काही रक्कम मिळायची. २०१६ साली त्या योजनेची प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण झाली आणि सारा भर नव्या बांधकामावर गेला. म्हणजे ज्याला एकदा घर मिळाले, त्याच्या खिडकीला सरकारदरबारी जागा नाही.

नेमक्या याच फटीतून दलाल आत शिरतो. ताईकडेही एक जण येऊन गेला होता. "एक भिंत पाडा, घर पडके दाखवू, दहा हजार द्या, नवीन मंजूर करून देतो." वाचक बंधू-भगिनींनो, असल्या माणसाला ओट्यावरूनच परत पाठवा. घराचे फोटो जागेच्या नोंदीसह काढले जातात, हप्ते बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे पडतात आणि आधीच्या लाभार्थ्यांची यादी तपासली जाते. नाव कटले की पाडलेली भिंत तेवढी आपली.

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचेही नाव कुणीतरी घेतले. ते १९७८ साली स्थापन झाले ते धंद्याला कर्ज द्यायला, घरदुरुस्तीला नव्हे. पण भाच्याला मी सांगितले, "तुला खिडकीसाठी नाही मिळणार, पण खिडक्या बनवायच्या वर्कशॉपसाठी बीजभांडवलाचा अर्ज करता येईल." तो नुसता हसला. विचार करत असावा.

दोन वाटा मात्र आपल्या लोकांना फार कमी ठाऊक आहेत. जिल्हा परिषदेला आणि पंचायत समितीला स्वतःच्या उत्पन्नातले २० टक्के, तर ग्रामपंचायतीला १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावे लागतात. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून कुठे घरावरचे पत्रे, कुठे शिलाई मशीन दिले जाते. यादी दरवर्षी बदलते, म्हणून पंचायत समितीत समाजकल्याणच्या टेबलावर विचारायचे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, घराचा आठ-अ उतारा आणि बँकेचे पासबुक हे कागद एका पिशवीत तयार ठेवावेत.

दाजींच्या पीएफचाही विचार झाला. घर बांधून पाच वर्षे झाली असतील तर दुरुस्तीसाठी पीएफमधून पैसे काढण्याची तरतूद आहे, आणि घर पत्नीच्या नावावर असले तरी अडत नाही. ताई ऐकेना. "म्हातारपणाचा घास आत्ताच कशाला खायचा?"

मग आम्ही कामच लहान केले. आवाज येत होता मुख्यतः एका खिडकीतून, रुळाकडच्या. भाच्याने युक्ती काढली. तिथे बाहेरच्या अंगाला एक सरकती खिडकी आणि चार इंच सोडून आतल्या अंगाला दुसरी, दोन्हींना रबर. आवाजाला असे रुंद अंतर चांगले, शिवाय काचा कमी-जास्त जाडीच्या असाव्यात, असे त्याचे म्हणणे. दोन्ही मिळून २४ चौरस फूट, ९६०० रुपये. उरलेल्या दोन खिडक्यांच्या फटी सुताराने बुजवल्या. चुलीचा धूर कोंडू नये म्हणून मागच्या भिंतीतला झरोका उघडाच ठेवला. उकाडा तर खिडकीपेक्षा स्लॅबमधून जास्त उतरतो, म्हणून वर चुन्याचे दोन हात मारले.

पैसे ताईने बचत गटातून उचलले, महिना दोन टक्क्यांनी. दरमहा ९६० रुपये मुद्दल फेडले तर दहा महिन्यांत व्याज १०५६ रुपये होते. व्याज थोडे नाही, पण ते गटातच राहते आणि वाटपात ताईलाही वाटा मिळतो. सावकाराकडे गेलेला रुपया परत आलेला मी तरी पाहिलेला नाही.

मालगाडीची घरघर जमिनीतून येतेच, ती जाणार नाही. हॉर्न मात्र आता दुरून आल्यासारखा वाटतो. दाजी सकाळी आठला पडतात ते दोनपर्यंत उठत नाहीत.

दोन खिडक्या बाकी आहेत. येत्या ग्रामसभेत ताई विचारणार आहे, यंदाचे १५ टक्के कशावर खर्च झाले? प्रश्न लिहून देतो म्हटले, तर म्हणाली, "मला तोंड आहे."