एल्साची वेणी आणि हॅन्सचे हसू

ज्या चित्रपटाने देशोदेशीच्या मुलींना निळा झगा आणि त्यांच्या आईबापांना अहोरात्र एकच गाणे दिले, त्या 'फ्रोझन'चे वर्गात नुसते नाव निघाले की ॲनिमेशन शिकणाऱ्या मंडळींत तत्काळ दोन तट पडतात. एकाच्या मते तो कलेचा मानदंड, तर दुसऱ्याच्या मते डांगोरा पिटून खपवलेला माल. या कज्ज्याचा निवाडा करण्याची पाळी माझ्यावर वारंवार येते, आणि दोन्ही पक्षांच्या जबान्या ऐकून मला असे वाटते की दोघेही खरेच बोलतात. फक्त ते चित्रपटाच्या निरनिराळ्या भागांविषयी बोलत असतात.

हॅन्स क्रिश्चन अँडरसनच्या 1844 मधील हिमराणीच्या कथेवर चित्रपट काढण्याचा डिस्नेचा मनसुबा कित्येक दशके बासनात पडून होता. क्रिस बक आणि जेनिफर ली यांनी 2013 मध्ये तो तडीस नेला. पण आरंभीच्या आराखड्यांत हिमराणीच्या जागी असलेली एल्सा ही खलनायिकाच होती. पुढे क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या दांपत्याने 'लेट इट गो' रचले, आणि असा आर्त मोकळेपणा जिच्या कंठातून निघतो ती दुष्ट असणे शक्य नाही, हे उमगून कर्त्यांनी कथानकच नव्याने बांधायला घेतले. चित्रपटाचे भाग्य आणि त्याचे दुखणे, दोहोंचे मूळ मला इथेच दिसते.

त्या गाण्यात डोंगर चढणारी एल्सा प्रथम अंग चोरून चालते. मग उरलेला एक हातमोजा वाऱ्यावर सोडते, पाठीवरचे पायघोळ प्रावरण उडू देते, मुकुट भिरकावते, आंबाडा सोडून वेणी खांद्यावरून पुढे घेते, आणि या प्रत्येक त्यागागणिक तिचा कणा थोडथोडा ताठ होत जातो. संवादाचे एक अक्षरही न समजणारे चार वर्षांचे मूल हे सारे बिनचूक वाचते, कारण ते देहाने लिहिलेले आहे. आता वेणीचा तो क्षण एकेक फ्रेम थांबवून पाहावा: ती चक्क बाहूतून आरपार जाते! विद्यार्थी ही चूक चोर पकडल्याच्या आनंदाने दाखवतात. परंतु या चित्रपटातील बर्फ कसा चिकटावा आणि कसा भुरभुरावा यासाठी ज्यांनी स्वतंत्र गणिती पद्धत उभी केली, त्यांच्या नजरेतून एवढी ढळढळीत बाब निसटली असेल, हे मला संभवनीय वाटत नाही. मनगटाचा झोक आणि मानेची कलती रेषा अचूक साधली की डोळा वेणीचा हिशेब मागत नाही. म्हणून ती चूक मी तरी दुरुस्त केली नसती.

दुखणे निराळेच आहे. एल्सा निर्दोष ठरल्यावर खलनायकाची जागा रिकामी पडली आणि त्या जागी राजपुत्र हॅन्सची नेमणूक झाली, असा माझा कयास. पण एल्साची धाकटी बहीण ॲना त्याच्याशी झालेली पहिली भेट संपवून धावत निघून जाते, घोडा पाय उचलतो, होडी उलटून हॅन्स पाण्यात पडतो, आणि डोक्यावरची होडी सारून तो तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहून हसतो, ते हसू निखळ प्रेमाचे आहे. त्या वेळी त्याच्याकडे पाहणारे तेथे कोणी नाही; मग हे ढोंग कोणासाठी? जित्याजागत्या नटाच्या ओठांवर एखादे हसू गफलतीने उमटेलही, परंतु ॲनिमेशनमध्ये ते कोणीतरी टेबलाशी बसून, विचार करून घडवलेले असते. हॅन्सने पुढे केलेला ॲनाचा विश्वासघात प्रेक्षकाला चकवण्यासाठी रचलेला आहे, तो पात्राच्या स्वभावातून आलेला नाही. आणि ज्या माध्यमाची सारी मिरासदारी चेहऱ्यावर आहे, त्यात हा अपराध मी क्षम्य मानीत नाही.

सुमारे 128 कोटी डॉलरांची कमाई करणाऱ्या या चित्रपटाला 2014 मध्ये उत्कृष्ट गीताचे आणि उत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे अशी दोन्ही ऑस्कर मिळाली. माझ्या हाती अधिकार असता, तर गीताचे पारितोषिक मी बिनतक्रार मंजूर केले असते आणि दुसरे त्याच यादीतल्या 'अर्नेस्ट अँड सेलेस्टिन' या जलरंगातल्या फ्रेंच चित्रपटाच्या, म्हणजे एका भुकेल्या अस्वलाच्या आणि चित्रे काढणाऱ्या उंदरिणीच्या नावे वर्ग केले असते.